खेकडा, मगर आणि पन्नास हजार

शनिवारची संध्याकाळ. पाच वाजून गेलेले, गॅसवर चहा, आणि श्टुटगार्टहून मामेबहिणीचा फोन.

"अगं, काकांच्या त्या मगरीचं काय करू? मी दुकानातच उभीय. इथले आजोबा विचारतायत, नाव लिहू का म्हणून. एक वाजता शटर पडतं यांचं. पटकन सांग!"

बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात, कान माझ्या फोनला.

"ताई, दहा मिनिटं दे ना."

तर मंडळी, ती दहा मिनिटं पुढे सहा आठवडे चालली. मागच्या आठवड्यात ह्याच पानावर मी रनिंग शूजच्या किमतींवर करवादले होते. 'एवढे पैसे बुटांवर घालतं तरी कोण?' असं ऐटीत विचारलंही होतं. शब्द मागे घेते. कारण तेव्हा आमच्याच घरात पन्नास हजारांच्या आगगाडीच्या इंजिनावर खलबतं चालू होती. आणि इंजिन केवढं? वीतभर!

घाबरू नका, मगर कुणी पाळत नाहीये. 'क्रोकोडिल' हे एका स्विस इंजिनाचं लाडाचं नाव. गोटहार्डच्या घाटात मालगाड्या ओढायला १९२० च्या सुमाराला आलेलं हे विजेचं इंजिन. मध्ये उंच केबिन, पुढे-मागे दोन लांबच लांब नाकं, आणि वळण आलं की ही नाकं आपापली वळणार. बनवणारा कारखाना विंटरथूरचा. आता गंमत बघा. त्याच कारखान्याच्या घराण्यातलं एक इंजिन १९२८ च्या सुमाराला आपल्याकडे आलं, जीआयपी रेल्वेसाठी. पहिली दहा विंटरथूरहून, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीतून. रेल्वेच्या कागदावर नाव डब्ल्यूसीजी-१. आपल्या लोकांनी बारसं केलं: खेकडा!

बाबांचं लहानपण खंडाळ्याला गेलं. बोरघाटात चढ असा की ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर. गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लागायची, आणि त्या कामावर हे खेकडे असायचे. खेकडा का म्हणायचे, तर बाबांच्या म्हणण्यानुसार, "उभा असला तरी कण्हायचा. आणि चालायला लागला की बाजूच्या दांड्या अश्शा हलायच्या." हे सांगताना बाबा दोन्ही कोपर बाहेर काढून दाखवतात. अडुसष्टाव्या वर्षी. पाहुण्यांसमोरसुद्धा.

हा व्हायरस घरात आणला मात्र मीच. कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे ना, १९९८ पासूनचं, त्यावर मला एकदा लिहायचं होतं. म्हटलं बाबांनाही नेऊ. तास-दीड तासाचं काम. बाबा तिथून निघेचनात! दिवे मंद झाले, एवढ्याएवढ्या गाड्या एवढ्याएवढ्या स्टेशनांतून सुटल्या, आणि आयुष्यभर बँकेत मान खाली घालून आकडे लिहिलेला हा माणूस कठड्याला रेलून पहिलीतल्या पोरासारखा बघत बसला. पुढच्या दिवाळीत ताईनं जर्मनीतल्या जुन्या बाजारातून रुळांचं एक जुनं वर्तुळ, एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन डबे आणले. मेर्क्लिन कंपनीचे. इंजिन नव्हतं. बाबा डबे हातानं ढकलायचे. मग आमच्या लक्षात आलं, की हे आता वाढत जाणार.

ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एक छोटा ब्रेक. मेर्क्लिन म्हणजे ह्या धंद्यातलं मानाचं घराणं. १८५९ पासून, श्टुटगार्टजवळच्या ग्योपिंगेन गावात. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी रूळ आणि गाड्या ठरावीक मापात मांडल्या. म्हणजे आज एक डबा घ्या, पुढच्या वर्षी दुसरा, दोन्ही त्याच रुळावर चालणार. बिझनेस स्कूलवाल्यांनो, हा फंडा लिहून घ्या! एकदा रूळ घरात आला की गिऱ्हाईक कुठे जात नाही. ब्रिटनमध्ये हेच स्थान हॉर्नबीचं. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीनं १९२० मध्ये गाड्या काढल्या त्या. जपानात काटो आणि टोमिक्स, अमेरिकेत लायोनेल, वॉल्दर्स. आणि बाकमन म्हणून जे नाव दिसतं ते मूळचं अमेरिकन, पण १९८७ पासून मालक हाँगकाँगचे.

मापांचा घोळ असा. १:८७ म्हणजे एच-ओ, रूळ १६.५ मिलिमीटरचा. ब्रिटिश लोक त्याच रुळावर १:७६ ची गाडी चालवतात, त्याला डबल-ओ म्हणतात. (का? ब्रिटिशांना का विचारायचं नसतं.) एन म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ, जपान्यांचा लाडका, कारण त्यांच्याकडेही आपल्यासारखीच घरात जागेची बोंब. आणि सगळ्यांत पिटुकलं झेड, १:२२०, जे मेर्क्लिननं १९७२ मध्ये काढलं.

ब्रेक संपला.

तर ह्या हौसेचा पाडवा जानेवारीत असतो. महिनाअखेरीला न्यूरेंबर्गला खेळण्यांची जगातली सगळ्यांत मोठी जत्रा भरते, त्याच्या आगेमागे कंपन्या वर्षाच्या नव्या मालाची यादी जाहीर करतात. पूर्वी सगळं जानेवारीतच व्हायचं. आता मात्र बऱ्याच जणांनी वर्षभर हप्ते लावलेत. बाकमन तर ब्रिटिश मॉडेल्सची घोषणा तिमाहीला करते. जपानात काटो महिन्या-महिन्याला, आणि सांगितलेला माल साधारण काही महिन्यांत दुकानात. युरोपात तसं नाही. तिथे घोषणा आणि गाडी ह्यांच्यामध्ये वर्ष, कधी दोन वर्षं, कधी त्याहून जास्त.

कारण कॅटलॉगात फोटो असतो, पण बऱ्याचदा ते मॉडेल तेव्हा बनलेलंच नसतं. तो फोटो हातानं केलेल्या नमुन्याचा, नाहीतर कॉम्प्युटरवर रंगवलेला. खरं इंजिन कुठल्या तरी म्युझियममध्ये मोजायचं, मग कॉम्प्युटरवर आराखडा, मग पोलादी साचे, मग पहिला बिनरंगी नमुना, त्यातल्या चुका, मग रंगीत नमुना, परत चुका, मग कारखान्यात नंबर लागायची वाट. आणि ह्या सगळ्याच्या आधी तुम्ही नाव नोंदवायचं! ओळखीचं वाटतंय ना? हिंजवडीत टॉवर बुक करतो तस्सं. रंगीत ब्रोशर, सॅम्पल फ्लॅट, टोकन, आणि पझेशन 'लवकरच'.

बरं, 'नंतर बघू' म्हणायचीही सोय नाही. आता माल मोजकाच काढतात. मेर्क्लिनच्या यादीत कितीतरी वस्तूंवर 'एकदाच निघणारी मालिका' अशी खूण असते. त्यांचा सभासदांचा क्लब आहे, त्या क्लबचं वर्षाचं खास मॉडेल ठरलेल्या तारखेच्या आत मागवलं तरच मिळतं. तारीख हुकली की मग बसा सेकंड हँडवाल्यांच्या पाया पडत. म्हणून खरे हौशी लोक डिसेंबरातच वही काढतात. ह्या वर्षी किती, त्यातलं बुकिंगवर किती, अचानक समोर येईल त्याच्यासाठी किती. ताईच्या ऑफिसातला एक जर्मन गृहस्थ एक्सेलमध्ये तीन वर्षांचा आराखडा ठेवतो. तीन वर्षांचा! माझ्याकडे तीन आठवड्यांचाही नसतो. फ्रीलान्सरचा चेक आणि कॅटलॉगातलं इंजिन, दोन्हींची गंमत एकच: येणार हे नक्की, कधी ते विचारू नका.

आता मुद्द्यावर. भाव.

क्रोकोडिल हे मेर्क्लिनचं हुकमी पान. एच-ओ मापात ते १९४७ पासून निघतंय, आणि दर काही वर्षांनी नवा नंबर, नवा रंग, नवी यंत्रणा घेऊन परत येतं. हल्लीचं घ्याल तर पाचशे युरोच्या आसपास. युरो ढोबळ शंभर रुपये धरा, झाले पन्नास हजार. त्यात दिवे, आवाज, सगळं डिजिटल. ते चालवायला डिजिटल कंट्रोल लागणार, ते आणखी शंभर-सव्वाशे युरो. ब्रिटनमध्येही तीच कथा. २००० च्या दशकात हॉर्नबीचं मोठं वाफेचं इंजिन शंभर पाउंडांच्या आसपास मिळायचं. आता दोनशेच्या पुढे, आणि आत आवाजाची चिप हवी असेल तर तीनशेच्या दिशेनं.

का वाढलं एवढं? नुसती महागाई म्हणून सोडून देऊ नका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हॉर्नबीनं उत्पादन मार्गेटहून चीनला हलवलं. मजुरी स्वस्त, म्हणून तोच पैसा बारकाव्यात गेला. पूर्वी इंजिनावरच्या कड्या, दांडे साच्यातच उठवलेले असायचे. आता प्रत्येक दांडा वेगळा, तारेचा, आणि कुणीतरी चिमट्यानं एकेक बसवलेला. गिऱ्हाइकाला चटक लागली. मग चीनमधली मजुरी वाढली. पण चटक कशी कमी होणार? त्यात २०१६ नंतर पाउंड घसरला, २०२१ मध्ये जहाजांचं भाडं भडकलं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं चिनी मालावर १४५ टक्क्यांपर्यंत कर नेला (मेमध्ये ३० वर आणला, पण तोवर व्हायचा तो घोळ झालेला). आणि सगळ्यांत मोठं कारण: घेणारे कमी झाले. नव्या साच्याला लाखाच्या घरात पाउंड लागतात. तो खर्च वीस हजार गाड्यांवर पसरणं वेगळं, दोन हजारांवर वेगळं. म्हणजे पन्नाशी-साठीतले लोक प्रत्येकी जास्त पैसे मोजून हा धंदा उभा ठेवतायत. मला हे जरा भीतीदायक वाटतं. कंपन्यांनाही वाटत असावं, कारण २०२२ मध्ये हॉर्नबीनं लहान घरांसाठी १:१२० ची नवी मालिका काढली आणि सुरुवातीला थेट स्वतःच विकली, दुकानदारांना वगळून. दुकानदार काय खूश झाले असतील, तुम्हीच ठरवा.

मोठी नावंही ह्यातून सुटली नाहीत. मेर्क्लिनचं १५० वं वर्ष होतं २००९. केक कापायच्या ऐवजी फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज! २०१३ मध्ये सिंबा-डिकी नावाच्या खेळण्यांच्या ग्रुपनं ती घेतली आणि सावरली. आणि ब्रिटनमधलं हॅटन्स, १९४६ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झालेलं, जगभर पार्सलं पाठवणारं दुकान, त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये सांगून टाकलं, आम्ही बंद करतोय.

म्हणूनच माझा हात आखडत होता. एकदा पोळलेय. मालगाडीच्या तीन डब्यांचा संच बाबांच्या वाढदिवसासाठी मी बुक केला होता, एका भलत्याच दुकानात (नाव नको). वाढदिवस गेला. पुढचाही गेला. मग मेल आला की माल आलाय, पण कंपनीनं भाव वाढवल्यामुळे वरचे सव्वीस युरो भरा. नियमात बसत होतं, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी मुकाट भरले. तेव्हापासून दोनच प्रश्न विचारते: आगाऊ पैसे घेता का, आणि आजचा भाव शेवटपर्यंत राहणार का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल तरच पुढचं बोलायचं. ताईच्या दुकानातल्या आजोबांनी दोन्ही उत्तरं बरोबर दिली. फक्त तिसरं चुकलं. कधी मिळेल? "पुढच्या वर्षी. शेवटच्या तिमाहीत. बहुतेक."

बहुतेक!

तुम्ही म्हणाल, इथेच का नाही घेत? घेतलं असतं हो. पण कस्टमच्या पुस्तकात आगगाडीचं मॉडेल म्हणजे खेळणंच. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा. देशी खेळण्यांना उभारी मिळावी म्हणून हे केलं, ते ठीकच. पण वर्षाला पाच-दहा इंजिनं खपवणाऱ्या दुकानदारानं ह्या भानगडीत कशाला पडावं? मग उरते ती नातेवाइकांची बॅग. आपल्याकडच्या रेल्वेप्रेमींची निम्मी यंत्रणा ह्या बॅगांवर चालते. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची बहीण-शहरं, असं कुठेतरी कोरलेलं असतं. आमच्यापुरती ही बहीण खरंच कामाला येते.

आणि खेकडाच का नाही घेत, हा बाबांचा प्रश्न. घराघरात विचारावा असा. मोठ्या कंपन्यांच्या कॅटलॉगात तो मला आजवर दिसलेला नाही. भारतीय इंजिनांची मॉडेल्स इथले हौशी लोक आणि छोटे कारागीर बनवतात, जीव ओतून बनवतात, पण दुकानात जाऊन उचलावं असं ते प्रकरण नाही. त्यात आपल्या रुळांचं माप आडवं येतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, युरोपचा १४३५. १:८७ नं भागलं तर त्यांचा येतो बरोबर साडेसोळा, आपला येतो सव्वाएकोणीस. बाजारात रूळ मिळतो तो साडेसोळाचा. म्हणजे आपलं इंजिन केलं तरी पाय जवळ घेऊनच चालवायचं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "खेकडा पाय जवळ घेईल होय!"

म्हणून मगर. चुलतभाऊ तर चुलतभाऊ.

मधल्या सहा आठवड्यांत मी काय-काय केलं नाही! आधी झेडचा विचार केला. झेडमधलं क्रोकोडिल एच-ओच्या मानानं कमी पैशांत, आणि अख्खा घाट एका ट्रेमध्ये मावतो. फ्लॅटवाल्यांसाठी झकास. मी कागदावर दोन्ही मापं काढली. एच-ओचं इंजिन सुमारे २२ सेंटिमीटर. झेडचं सुमारे ९. कागद बाबांसमोर ठेवला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, कागद खिडकीशी नेला. मग लहान चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे रुळावर मी कसं गं ठेवणार?"

झेड बाद.

मग स्विस मगर दोन रुळांवर चालणारी, दुसऱ्या कंपनीची घ्यावी का? नको, कारण आपल्याकडचं जुनं वर्तुळ मेर्क्लिनचं. ह्या लोकांचा हट्ट असा की त्यांच्या एच-ओ रुळात मध्ये तिसरा स्पर्श असतो. इतर कंपन्यांच्या साध्या गाड्या त्यावर चालत नाहीत, त्यांच्या इतरांच्या रुळावर चालत नाहीत. (तेच मॉडेल दोन रुळांवर हवं असेल तर ते ट्रिक्स ह्या नावानं विकतात. ट्रिक्सही त्यांचीच.) नवीन माणसानं हे आधी नीट विचारून घ्यावं. गाडी घ्यायला जावं आणि घरी येऊन कळावं की चार्जर आयफोनचा आणि मोबाइल अँड्रॉइडचा, तसं होतं.

उरले दोन पर्याय. नवीन: पन्नास हजार, आवाजासकट, पुढच्या वर्षाच्या शेवटी, बहुतेक. जुनं: सत्तर-ऐंशीच्या दशकातलं क्रोकोडिल, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर धावणारं, दोनशे युरोच्या आतबाहेर, उद्या हवं तर उद्या. पण बिनआवाजाचं. चिपच नाही, तर आवाज कुठून येणार?

आणि बाबांना आवाजच हवा होता. ते तसं म्हणाले नाहीत. पण त्या नव्या मॉडेलचा व्हिडिओ ताईनं पाठवला होता, तो मी रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा बाहेरच्या खोलीत चालू होता. दिवे बंद, मोबाइल कानाला लावलेला, फोनवर बोलतात तसा. मी पाणी न पिता परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी हिशोब मांडला. दोन मोठ्या स्टोऱ्यांचे पैसे यायचे होते, एका इव्हेंटचं अँकरिंग होतं. ईएमआयवर घेतलं असतं तरी जमलं असतं, आपण फोन घेतोच की. मी ताईला टाइपही केलं: बुक कर. मग बाबांना सांगायला गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. भाव ऐकून काही म्हणाले नाहीत, ह्याचंच मला आश्चर्य वाटलं. एरवी हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीवर हुज्जत घालतो. मग विचारलं, "मिळणार कधी?"

"पुढच्या वर्षी. डिसेंबर धरा."

"आणि ते जुनं?"

"ताई मार्चमध्ये येतेय, तेव्हा."

त्यांनी पेपराची घडी घातली. "मग जुनं आण. मी बघितला तेव्हा खेकडाही जुनाच होता. नवा कुणी बघितला होता?"

मी टाइप केलेलं खोडलं.

ताईनं जे आणलं ते १७० युरोचं. हिरवा रंग एका नाकावर खरवडलेला, खोका नाही. खोका असता तर संग्राहकांनी पन्नासएक युरो जास्त मोजले असते, असं त्या आजोबांचं म्हणणं. खोक्याचे पन्नास युरो! आम्ही खोका चालवणार नव्हतो. तोवर कोपऱ्यावरच्या सुताराकडून टेबल झालं होतं, तीन फूट रुंद, कारण वर्तुळाला त्याच्याहून कमी चालत नाही. ते माझ्या खोलीत आलंय. माझं लिहायचं टेबल आता बाल्कनीत आहे, आणि हा मजकूर मी तिथेच, डास मारत लिहितेय.

रविवारी सकाळी बाबांनी इंजिन रुळावर ठेवलं. दोन्ही नाकं नीट बसेपर्यंत चार वेळा उचललं. ट्रान्सफॉर्मरची लाल मूठ हळूच फिरवली. आधी काहीच नाही. मग जळक्या तेलाचा वास. मग ती पन्नास वर्षांची मोटर जागी झाली आणि अख्ख्या टेबलानं थरथरत असा काही घर्रर्र आवाज काढला की आई स्वयंपाकघरातून कुकर बंद करायला धावली.

बाबांनी मूठ सोडली नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आवाज नाही म्हणाली होतीस."

"बाबा, ते बिघडलंय. तेल लागेल त्याला."

"असू दे. पुढच्या रविवारी बघू."